भोळं तोंड

आषाढ सुद पाचम, सोमवार

ही वही दक्षाने दिली. बारावीची उरलेली, पुढची आठ-दहा पानं फाडलेली. म्हणाली, "फई, तुमचं तोंड दिवसभर चालतं. त्यातलं अर्धं हिच्यात ओता, बाच्या कानांना जरा आराम." मी म्हटलं, "तुझ्या बाला कान आहेत? मला वाटलं नुसते झुमके आहेत." बा म्हणजे तिची आई, माझी भाभी.

सातवीपर्यंत शिकलेय मी. मास्तर म्हणायचे, मोंघीचं अक्षर वळणदार, डोकं वाकडं. शेवटच्या पानावर दक्षाने काहीतरी लिहून खोडलंय, 'माननीय साहेब, सविनय विनंती की'. शाळेतला निबंध असणार.

तर आजची बातमी. दक्षाला बघायला येतायत. दक्षा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, रायसंगची, एकुलती एक मुलगी. एकोणीस पुरी. नाव मीच ठेवलंय, आमच्यात तो मान फईचा, म्हणजे आत्याचा. माझा नवरा गेल्यावर मी या घरी परत आले त्याला एकतीस वर्षं झाली. कंकूभाभी नंतर लग्न होऊन आली, पण घरात कुठली वस्तू कुठे असते ते तीच मला सांगते.

पावसाने रण, म्हणजे आमचं खारं वाळवंट, पाण्याखाली गेलं, मिठागरं बंद, पुरुष घरी. रायसंग दिवसातून चार वेळा खाट सावलीत ओढतो आणि सावली सरकली की सूर्यावर चिडतो.

येणारी बाई गलालबेन. सडकेवरच्या गावातली. मुलगा वनराज ट्रक चालवतो, ट्रक घरचाच. आणि घरात गोड्या पाण्याचा नळ! भाभीने ट्रकचं एकदा सांगितलं, नळाचं सात वेळा. इथे तिसऱ्या दिवशी टँकर येतो तेव्हा घोटभर गोडं पाणी. विहिरीचं पाणी असं की त्यात भांडी घासली तरी हात चुरचुरतात.

गलालबेनचं मागणं एकच. सोनं नको, भांडी नको. "मुलगी भोळी पाहिजे."

मी विचारलं, "किलोवर मिळते का?" भाभी म्हणाली, "मोंघीबेन, त्या दिवशी तुम्ही तोंड शिवून बसा."

सुद सातम, बुधवार

भोळेपणाचा वर्ग घेतला. शेळ्या बांधतो तिथे, मागच्या बाजूला.

दक्षाला सांगितलं, "बघ. भुवया वर. डोळे मोठे. आणि तोंड उघडायचं, पण किती? चण्याचा दाणा आत जाईल, बोर जाणार नाही. बोर जाईल एवढं उघडलंस तर वेडी दिसशील, आणि वेडी कुणाला नको असते."

पोरीने पहिल्याच खेपेला असं केलं की मीच फसले. वाटलं खरंच काहीतरी बघून थक्क झालीय, वळून मागे बघितलं. मागे शेळी.

"कुठे शिकलीस गं?"

"आत्ताच. तुमच्याकडून."

हुशार आहे माझी विद्यार्थीण. पण स्वभावाने भोळीच. नाटक करायला शिकवावं लागतंय यावरूनच कळतं.

मग विचारते, "फई, तुम्ही कुठे शिकलात?"

मी म्हटलं, जन्मतः सुंदर होते, जमून गेलं. तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते. तेवीस वर्षांची होते. आम्ही रणात होतो, माझे हे पंप बघायला मिठाच्या पाटावर गेले आणि संध्याकाळी सासरे एकटेच आले. यांची सायकल हातात धरून. म्हणाले, "पंप बिघडलाय, दोन दिवस लागतील त्याला." मला तेव्हाच कळलं. ज्याला दोन दिवस लागणार तो सायकल परत कशाला पाठवेल? पण सासूबाई चुलीशी बसल्या होत्या, दम्याच्या. सासऱ्यांचे डोळे मला म्हणत होते, पोरी, आत्ता नको. मी भुवया वर केल्या, डोळे मोठे केले आणि म्हटलं, "बरं. मग त्यांच्या वाटणीचं दूध विरजते." दोन दिवस सगळे कुजबुजत होते, बिचारी किती भोळी, हिला काही कळतच नाही.

पुरे. या वहीत असलं लिहायचं नव्हतं.

सुद दशम, शनिवार

येऊन गेल्या.

गलालबेन अंगाने बारीक, आवाजाने जाड. वनराज मोबाइलमध्येच होता, चहाचा कपही न बघता उचलला आणि न बघता ठेवला. दक्षा खाली मान घालून बसली होती. गलालबेनने तिची हनुवटी वर केली, जत्रेत वासराचे दात बघतात तशी.

"काय शिकलीस?"

"बारावी, मावशी."

"फार झालं. पुढे शिकायचंय?"

दक्षाने चण्याएवढं तोंड उघडलं. "याच्या पुढेपण असतं?"

सगळे हसले. गलालबेनच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. मग पोरीने स्वतःहून विचारलं, "मावशी, तुमच्या नळाचं पाणी खरंच गोड असतं? त्यात साखर कोण घालतं?"

गलालबेनने मांडीवर थाप मारली. "अगंबाई, किती भोळी! हीच पाहिजे मला."

साखरेचं मी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिलाच सुचलं. मला हसू आलं.

मी शिवलेलं तोंड जरा उसवलं. विचारलं, "तुमची मोठी सून दिसली नाही? आणायची होती की."

"ती माहेरी असते." गलालबेनने बशी खाली ठेवली. "फार विचारायची. कुठे गेला होता, कधी येणार, हे का, ते का. बाईने इतकं विचारू नये."

भाभीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा शिवून घेतलं.

ठरलं असं. भाभीचा नवस आहे. दक्षा लहानपणी तापाने जायचीच बाकी होती, तेव्हा बोलली होती की मुलगी जया-पार्वतीचं व्रत पाच वर्षं पुरं करेल, उजवेल, त्याआधी तिचा शब्द कुणाला देणार नाही. यंदा पाचवं. मंगळवारी व्रत बसतं. उजवणं झालं की दुसऱ्या दिवशी गूळ-धणे वाटून शब्द पक्का, लग्न देवदिवाळीनंतर. गलालबेन म्हणाली, "पाच दिवस म्हणजे पाचच. मला घरात हात पाहिजेत, मी वर्षभर थांबणारी नाही."

दक्षाने परवा तालुक्याला जाऊन फोटो काढून आणले होते, त्यातला एक त्यांना दिला. सहा काढलेत. मी म्हटलं, बाकीचे पाच कुणाला, रांग लावलीयस की काय? म्हणते, "सहाच्या खाली तो काढतच नाही, फई." बरोबरच आहे. दुकानदार कुणाचे असतात?

रात्रीपासून एकच शब्द डोक्यात फिरतोय. गलालबेनने तो पाच वेळा म्हटला. आमच्याकडे कोण कुणाला भोळी म्हणतं ते मोजत बसले. नवी मुलगी भोळी म्हटलं तर कौतुक. म्हातारी भोळी म्हटलं तर तिच्या मागे हसायची मुभा. विधवा भोळी म्हणजे बिचारी, तिला विचारायची गरज नाही. आमची काळी म्हैस भोळी, कारण कुणीही दूध काढलं तरी पाय हलवत नाही. आणि पुरुष? पुरुषाला कुणी भोळा म्हणालंच तर त्याची बायको किती पोचलेली आहे तेच सांगायचं असतं. महादेव तेवढा भोळा, पण त्याला तिसरा डोळा आहे.

गलालबेनला सून पाहिजे की म्हैस, ते विचारायला हवं होतं.

सुद तेरस, मंगळवार

व्रत बसलं. पाच दिवस अळणी. आमच्या गावात ही केवढी गंमत. हाताला मीठ, पायाला मीठ, पापण्यांवर मीठ, आमच्या लोकांचे पाय चितेवरसुद्धा लवकर जळत नाहीत म्हणतात इतकं मीठ मुरलेलं, आणि पोरींनी पाच दिवस मीठ खायचं नाही.

घरात माठ दोन. लाल फडक्याचा माठ टँकरच्या गोड्या पाण्याचा, जुन्या धोतराच्या पांढऱ्या फडक्याचा विहिरीच्या खाऱ्याचा. एरवी पिणं तेवढं लालमधून. या पाच दिवसांत दक्षाची कणीकसुद्धा लालमधून.

माठ मी भरते, त्यांच्या गळ्याशी फडकी मीच बांधते, कारण रणातली गाठ घरात फक्त मला येते. ताडपत्रीची गाठ. यांनी शिकवलेली. ओढली की एका झटक्यात सुटते, आणि ओढल्याशिवाय वादळातही सुटत नाही.

सकाळी गोरमहाराज कथा सांगायला आले. मोहल्ल्यातल्या सात पोरी, प्रत्येकीपुढे गव्हाच्या अंकुरांची कुंडी, त्यावर कापसाची माळ. कथा संपली तशी आमची दक्षा विचारते, "महाराज, मीठ म्हणजे फक्त पिशवीतलं ना? विहिरीच्या पाण्यातलं धरतात का?"

सगळ्या पोरी खिदळल्या. महाराज म्हणाले, "मीठ ते मीठ, बेटा. जिभेला लागलं की मोडलं."

"मोडलं की पुन्हा पाच वर्षं?"

"नाही गं, तेवढं वर्ष फुकट. पुढच्या आषाढात पुन्हा."

"आणि नकळत लागलं तर पाप लागतं?"

"नकळत कसलं पाप?"

भाभी अभिमानाने शेजारणीला म्हणाली, "बघा, इतकी भोळी आहे. पाच वर्षं व्रत करतेय आणि अजून हे माहीत नाही." मला पण हसू आलं. पोरगी हिशेब करून घेतल्यासारखी मान डोलवत होती.

पूनम, गुरुवार

आज जिवाला थारा नाही. तीन वेळा अंगण झाडलं. रायसंग म्हणाला, "बेन, माती संपेल."

झालं असं की विहिरीच्या रांगेत रूडी भेटली. माहेराला आलीय, सासर गलालबेनच्या गावात. मी तिला चिडवलं, "काय गं, नळ सोडून रांगेत उभी राहायची हौस?" ती हसली, मग मी दक्षाचं सांगितलं तशी हसायची थांबली.

"मोठी सून कशी होती गं?" मी विचारलं.

"चांगली होती."

"मग गेली का?"

रूडीने घागर कमरेवर नीट केली. "पाय घसरून पडली म्हणाले. हात मोडला."

"पडतं माणूस."

"चार महिन्यांत तीनदा पडली, मोंघीफई. त्यांच्या घरात साधी फरशी आहे. कोरडी." मग कानाशी येऊन म्हणाली, "तिच्या नवऱ्याने नाही पाडलं तिला. तो तर घरी नसतोच. माझं नाव घेऊ नका."

मग कुणी पाडलं? घरात राहतं कोण? गलालबेन. आणि तो, कप न बघता उचलणारा.

घरी येऊन रायसंगला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं, रूडीचं नाव सोडून. त्याने खाटेची सुतळी ताणली. म्हणाला, "बेन, तू भोळी आहेस. चांगलं स्थळ आलं की लोकांच्या पोटात दुखतं. तू कुणाचंही खरं मानतेस." भाभीला सांगितलं तर म्हणाली, "नळ बघवत नाही लोकांना."

बघा. मला सांगायचं होतं ते एका शब्दात झाकून टाकलं, माठावर फडकं टाकतात तसं.

दक्षाला कसं सांगू? व्रताची पोर, उपाशी, तिचं काळीज चिमणीएवढं. सांगितलं तर घाबरून आजारी पडेल. नाही सांगितलं तर?

आणखी एक. दुपारी पोस्टमन आला. दक्षाने आधीच सांगून ठेवलं होतं, "फई, माझी गुणपत्रिका येईल. मार्क कमी आहेत, बा चिडेल. तुम्हीच घ्या आणि मला द्या." मी पाकीट पोलक्यात खोचून आणलं. हे जाड! मार्क कमी तर पाकीट पातळ हवं ना? पण हल्लीच्या सरकारचं मला काय कळतं. पाकीट घेऊन पोरगी शेळ्यांकडे गेली ती बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल. म्हटलं, "इतके कमी पडले?" माझ्या गळ्यात पडली. बिचारी.

वद पडवो, शुक्रवार

लिहूनच टाकते.

व्रताचा चौथा दिवस. सकाळी टँकर आला, मी दोन्ही माठ धुतले, गोडं भरलं, विहिरीचं भरलं, फडकी बांधली. मन मात्र रूडीच्या कोरड्या फरशीवर. दक्षाने स्वतःची कणीक स्वतः भिजवली, नेहमीसारखी. दुपारी ती आत जेवायला बसली, भाभी समोर, मी उंबऱ्यात वाल निवडत. रायसंग खाटेवर.

दोन घास खाल्ले आणि पोरगी म्हणते, "बा, आज रोटली किती छान लागतेय गं!"

भाभीच्या हातातला पंखा थांबला. चार दिवसांच्या अळणी रोटलीला छान म्हणणारी मुलगी जगात झालेली नाही. भाभीने तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि थुंकला. उठली, लाल फडक्याच्या माठात बोट घातलं, चाखलं.

"खारं! लालमध्ये खारं पाणी!"

दक्षा भुवया वर करून बघत राहिली. डोळे हे एवढाले. "मीठ होतं त्यात? मला वाटलं देवाने चव दिली."

"डोळे फुटले होते तुझे? भिजवताना बोट चाखायला काय झालं होतं?" भाभीने हात उगारला. अख्ख्या जन्मात तिने दक्षावर हात उगारलेला मी बघितला नव्हता.

आणि माझ्या तोंडून निघालं, "तिला मारू नका. पाणी मी भरलंय."

खरंच आहे ते. मीच भरलंय. माठ अदलाबदल मीच केले असणार, चित्त ठिकाणावर नव्हतं. पण मघापासून दुसरंच काहीतरी टोचतंय. पूनमेपासून माझ्या मनात होतं की काहीतरी व्हावं आणि हे मोडावं. मग हातानेच ऐकलं का मनाचं? मी मुद्दाम केलं का? मला आठवत नाही. देवा, माझंच मला आठवत नाही.

वद बीज, शनिवार

गोरमहाराजांनी सांगितलं, वर्ष फुकट गेलं, पुढच्या आषाढात पुन्हा. "मुलीचा दोष नाही. भोळी पोर." भाभीने नवसाला तोडगा विचारला. महाराज म्हणाले, "देवीला दिलेला शब्द आहे बेन, मला दिलेला असता तर सोडला असता."

संध्याकाळी गलालबेनचा निरोप आला. थांबणार नाहीत. दुसरीकडे बघतात.

मग भाभी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती तर मी चार शब्द टोलवले असते. हळू आवाजात बोलली. "चूक माझीच आहे. सौभाग्याच्या व्रताला तुमचा हात लागू द्यायला नको होता. आजपासून माठाला हात लावू नका, मोंघीबेन. तहान लागली तर मागा."

रायसंग खाटेची सुतळी मोजत होता. एकतीस वर्षांत त्याने मला परकं केलं नव्हतं. आजही केलं नाही. फक्त वर बघितलं नाही.

मी रिकामा तांब्या भाभीपुढे धरला आणि पाणी मागितलं. पहिल्यांदाच.

वद पाचम, मंगळवार

तीन दिवस मागून पाणी पितेय. अंगण, गोठा, अंगण. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. दक्षा येते, पाणी ओतून देते, माझ्याकडे बघत नाही. ओठ हलतात आणि मिटतात. माझ्यामुळे पोरीचं मोडलं, आणि तीच मला तोंड दाखवायला लाजतेय. मी तिला म्हटलं, "काय गं, माझ्याशी अबोला? नळ हुकला म्हणून?" ती पळालीच.

आज भाभीने तो बाटलेला लाल माठ बाहेर ओतायला काढला, शुक्रवारपासून तसाच झाकून कोपऱ्यात होता. मला म्हणाली, "आता बाहेर आहे, लावा हात. घासून द्या." फडकं सोडायला दोरीचं टोक ओढलं. सुटेना. पुन्हा ओढलं. वाकून बघितलं तर डबल फुलाची गाठ. शाळेतल्या पोरी वेणीच्या रिबिनीला मारतात तसली.

ही गाठ माझी नाही. या जन्मात मी तसली मारलेली नाही, मला येतच नाही.

मी माठ घासला. खूप वेळ घासला.

दुपारी वनिताबेन आल्या, आमच्या आरोग्यकेंद्राच्या नर्स. रायसंगला म्हणाल्या, "ऐकलं मी. वर्षभर पोरीला घरात बसवून लोकांची तोंडं कशाला बघता? जिल्ह्याला नर्सचं शिक्षण आहे, राहायची सोय आहे. श्रावणात सुरू होतंय. पुढच्या आषाढात पाच दिवसांची सुट्टी मी स्वतः मागून देईन, व्रत पुरं करेल."

रायसंगला 'लोकांची तोंडं' पटली. भाभीला 'व्रत पुरं करेल' पटलं. तरी ती म्हणाली, "पण आता कुठे जागा मिळणार?"

"जागा कशी नाही? पत्र तर गेल्या गुरुवारी—" वनिताबेन थांबल्या.

दक्षाच्या भुवया वर. डोळे मोठे. चण्याएवढं तोंड. "कुठलं पत्र, बेन?"

"म्हणजे... पत्रं निघालीत म्हणतात. विचारून बघते मी."

मी उंबऱ्यात वाल निवडत होते. पोलक्याच्या आत, जिथे ते जाड पाकीट खोचलं होतं तिथे, मला अजून टोचल्यासारखं झालं. सहा फोटो. 'माननीय साहेब'. 'पुन्हा पाच वर्षं?' 'नकळत लागलं तर पाप लागतं?'

वालातला खडा निवडून मी तोंडात टाकला आणि वाल फेकला. असं झालं.

वद सातम, गुरुवार

कालचा अख्खा दिवस मी दक्षाला टाळलं. राग आला होता. माझ्याकडून शिकली आणि मलाच फसवलं! मी तिला भोळी समजत होते, रूडीचं सांगायला धजत नव्हते, आणि हिने फोटोच्या आधीपासून सगळं बेतलेलं. निदान मला तरी सांगायचं. मी काय गावभर बोंबलले असते?

मग आठवलं की मी गावभर बोंबलते.

आणि हेही की तिला वाटलं होतं, सगळे म्हणतील भोळी पोर, दोन शिव्या बसतील, संपलं. मी मध्ये येऊन 'पाणी मी भरलंय' म्हणेन हे तिच्या हिशेबात नव्हतं. विद्यार्थिणीचा हिशेब चुकला तो तिथे.

वनिताबेननी जागा मिळाल्याचं कळवलं, आज दक्षा जिल्ह्याला निघणार होती. सकाळी भाभी तिच्या पिशवीत ठेपले भरत होती. मी दाराशी पाणी मागायला उभी. दक्षाने घोट ओतला आणि तो तांब्या तसाच हातात धरून आईकडे वळली. चेहरा पांढरा फटक.

"बा, एक सांगायचंय. फईंना माठाला हात लावायला बंदी केलीस ना, त्यात त्यांचा दोष नाही. त्या दिवशी माठ—"

मला दिसलं पुढे काय होणार. भाभी पिशवी उलटी करणार. रायसंग गलालबेनच्या पायाशी माणूस धाडणार, मुलीने खोटेपणा केला, व्रत मोडलेलं नाही असं काहीतरी ठरवणार. कोरडी फरशी. तीनदा.

मी भुवया वर केल्या. डोळे मोठे केले.

"कुठला माठ गं?" म्हटलं. "तो लाल? मला तर अजून कळत नाही, लाल फडकं खाऱ्याचं की पांढरं खाऱ्याचं? मी मेली जन्मभर घोटाळाच करत आलेय. भाभी, परवा तुमच्या चहात कुठलं घातलं होतं मी?"

"अगो बाई!" भाभीने कपाळाला हात लावला. "चोपन्न वर्षांची बाई, आणि लाल-पांढरं कळत नाही. इतकी वर्षं आम्ही काय पीत होतो देव जाणे. दक्षा, हिची बाजू घेऊ नकोस तू. भोळी ती भोळीच."

दक्षा माझ्याकडे बघत राहिली. तांब्या वाकडा झाला, गोडं पाणी पायावर सांडत होतं, तिला पत्ता नव्हता. डोळे एवढाले, तोंड उघडं. बोर गेलं असतं. हे तोंड मी तिला शिकवलं नव्हतं.

"सांडलंस ना गोडं पाणी!" भाभी ओरडली. विषय तिथेच संपला.

पिशवीचं तोंड बांधायला दोरी कमी पडत होती. मी ती माझ्या गाठीने बांधून दिली. म्हटलं, "ओढलीस की सुटेल. दुसऱ्या कुणाला कळणार नाही."

माठाची बंदी कायम आहे. त्याचं मी ठरवलंय. उद्यापासून दिवसातून पन्नास वेळा पाणी मागणार. भाभी कणीक तिंबत असली की मागणार, पाटावर बसली की मागणार, डोळा लागला की तर नक्कीच. आठवड्यात स्वतःच म्हणेल, घ्या बाई तुमचं तुम्ही.

बसपर्यंत सोडायला मी आणि रायसंग गेलो. तो पिशवी आत ठेवायला चढला तेवढ्यात दक्षाने माझा हात घट्ट धरला. आवाज इतका हळू की इंजिनात बुडत होता.

"फई. तुम्हाला कधी कळलं?"

मी तिच्याकडे बघितलं. भुवया वर, डोळे मोठे, तोंड अगदी चण्याच्या दाण्याएवढं.

"काय गं?" म्हटलं.